ग्रामसभेत यादी वाचू की नको?

प्रश्न : मराठवाड्यातल्या एका गावातून ग्रामपंचायत सदस्य असलेल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. राखीव जागेवरून त्या पहिल्यांदाच निवडून आल्या आहेत. गावातल्या तरुणांना ग्रामपंचायतीच्या कपाटात पीएम किसान योजनेची जुनी यादी सापडली. कोविडच्या काळात सरकारी मदत कुणाला गेली, ते ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचा, अशी त्यांची मागणी आहे. यादीत ताईंच्या सख्ख्या दिरांचं नाव आहे. ते जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहेत. ऑगस्ट २०२० पर्यंत त्यांच्या खात्यात हप्ते येत होते. पुढे ते बंद झाले आणि वसुलीची नोटीस आली. ती तशीच पडून आहे. शेजारच्या एका बाईंचं नाव मात्र यादीत कुठेच नाही. त्यांचा नवरा कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेला. दीड एकर जमीन त्या स्वतः कसतात, पण सातबारा अजून सासऱ्यांच्या नावावर आहे आणि सासरे २०१९ च्या आधीच वारले. ताई लिहितात : "वाचलं तर घर फुटेल. सासूबाई म्हणतात, गेलं ते गेलं, चार माणसांत घराची अब्रू कशाला काढतेस. नाही वाचलं तर त्या बाईच्या तोंडाकडे बघवत नाही. तिच्या वाट्याचे पैसे आमच्या घरात आले असं वाटत राहतं. पोरं म्हणतात, तुम्ही वाचणार नसाल तर आम्ही यादी ग्रुपवर टाकतो आणि चौकात फ्लेक्स लावतो. मी काय करू?"

ताई,

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. घरचं नाव दिसल्यावर यादी गुंडाळून ठेवणं सोपं होतं. तुम्ही ती ठेवली नाहीत आणि विचारलंत, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहितो.

आधी तुमच्या मनातला सगळ्यात मोठा काटा काढू. शेजारच्या बाईंच्या वाट्याचे पैसे तुमच्या घरात आलेले नाहीत. पीएम किसानमध्ये गावाला ठरावीक कोटा नसतो. एकाचं नाव लागलं म्हणून दुसऱ्याचं कटलं, असं या योजनेत होत नाही. नियमात बसणाऱ्या प्रत्येक शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, अशी ती योजना आहे. दिरांनी घेतले ते चुकीचं, बाईंना मिळाले नाहीत तेही चुकीचं. पण ही दोन वेगवेगळी कामं आहेत आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे. दिरांचं नाव भर सभेत वाचलं तरी शेजारणीच्या खात्यात एक रुपया येणार नाही. उलट सभेचा सगळा वेळ त्यांच्यावरच जाईल आणि बाईंचा विषय निघेपर्यंत लोक उठून गेलेले असतील. यादी वाचायचीच असेल तर कशासाठी वाचायची हे आधी ठरवा, असं मी म्हणतो ते यासाठी.

कोविडच्या त्या दोन हजारांबद्दलही थोडं स्पष्ट बोलू, कारण तुमच्या पत्रात आणि गावच्या बोलण्यातही त्याचा उल्लेख "कोविडची मदत" असा येतो. २६ मार्च २०२० ला केंद्रीय अर्थमंत्र्यांनी १ लाख ७० हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं. सुमारे ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात २,००० रुपये मिळतील, असं त्यात होतं. हे दोन हजार म्हणजे वर्षाच्या सहा हजारांतलाच पहिला हप्ता, लवकर दिलेला. योजनेसाठी ७५,००० कोटींची तरतूद त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात आधीच झालेली होती. पैसे वेळेवर आले हे चांगलंच झालं. बाजार समित्या बंद, भाजीपाला रानातच सडलेला, द्राक्षवाल्यांना गिऱ्हाईक नाही, अशा दिवसांत हातात आलेल्या दोन हजारांची किंमत मला माहीत आहे. पण नवी मदत म्हणून जे सांगितलं गेलं, ते आधीच ठरलेलं देणं होतं. आणि देताना नवी यादी केली नव्हती, २०१९ चीच वापरली. २०१९ मध्ये ज्याचं नाव चुकून लागलं, त्याला कोविडमध्येही मिळाले. ज्याचं सुटलं, त्याला सगळ्यात अडचणीच्या वेळी काहीच मिळालं नाही. शेजारच्या बाईंचा नवरा एप्रिल २०२० मध्ये हयात होता, कसत होता. तरी त्या घरात दोन हजार आले नाहीत, कारण सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाचं नाव होतं.

ती यादी झाली कशी, हे तुमच्या गावातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये योजना जाहीर झाली आणि लोकसभेची आचारसंहिता लागायच्या आत पहिला हप्ता द्यायचा होता. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांनी सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) समोर ठेवून घाईघाईत नावं भरली. शेतकऱ्याने फक्त स्वयंघोषणापत्रावर सही करायची. मी सरकारी नोकर नाही, आयकर भरत नाही, दरमहा १०,००० किंवा जास्त पेन्शन घेत नाही, असं त्यात होतं. अनेकांनी ते न वाचताच सही केली. काहींनी वाचूनही केली. तुमचे दीर यातल्या कुठल्या बाजूचे, ते मला इथे बसून कळणार नाही आणि ग्रामसभेलाही कळणार नाही. नियम मात्र स्वच्छ आहे. जिल्हा परिषदेचा शिक्षक हा स्थानिक स्वराज्य संस्थेचा नियमित कर्मचारी, म्हणून अपात्र. चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना सूट आहे, शिक्षकांना नाही.

हे फक्त तुमच्याच गावात झालेलं नाही. केंद्रीय कृषी मंत्रालयाने माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार, जुलै २०२० अखेरपर्यंत २० लाख ४८ हजार अपात्र लोकांना १,३६४ कोटी रुपये गेले होते. त्यात अर्ध्याहून जास्त आयकर भरणारे होते आणि सर्वाधिक अपात्र असलेल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. तमिळनाडूत तर ऑगस्ट २०२० मध्ये वेगळंच उघड झालं. लॉकडाउनमध्ये नोंदणीची पडताळणी सैल झाली, दलालांनी अधिकाऱ्यांचे लॉगिन आणि पासवर्ड वापरून शेतकरी नसलेल्यांची नावं घुसवली आणि सुमारे ११० कोटी रुपये भलतीकडे गेले. नोंदणीचा आकडा काही जिल्ह्यांत अचानक फुगला म्हणून ते लक्षात तरी आलं.

ही आकडेवारी सांगितली ती दिरांना त्या दलालांच्या रांगेत बसवायला नाही. कोविडच्या काळात पैसा सगळ्यात वेगाने गेला आणि त्याच काळात गावाला एकत्र बसता आलं नाही. ग्रामसभा भरवायला बंदी होती, कित्येक ग्रामपंचायतींवर प्रशासक होते, तहसीलचं सगळं मनुष्यबळ कोविडच्या कामाला जुंपलेलं होतं. आधी पैसे द्या, नंतर तपासा, हे त्या वेळी बरोबरच होतं. पण "नंतर तपासा" यातलं जे काम गावात बसून व्हायला हवं होतं, ते झालंच नाही. वरून संगणकाने आयकराच्या नोंदी जुळवल्या, नोटिसा पाठवल्या आणि तेवढ्याला पडताळणी म्हटलं गेलं. संगणक आयकर भरणारा शोधू शकतो. जो कसतो पण सातबाऱ्यावर नाही, तो संगणकाला दिसत नाही. तो फक्त गावाला दिसतो.

म्हणूनच सासूबाईंचं "गेलं ते गेलं" मला पटत नाही. त्यांची काळजी खोटी नाही. घर टिकवण्यात आयुष्य घातलेल्या बाईला ती वाटणारच. पण ते गेलेलं नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारने नमो शेतकरी महासन्मान निधी आणला, त्याचे वर्षाला आणखी ६,००० रुपये. तेही पीएम किसानच्याच यादीवरून दिले जातात. म्हणजे २०१९ मध्ये सुटलेलं एक नाव आज वर्षाला १२,००० रुपयांना मुकतं. शेजारच्या बाईंचं नुकसान २०२० मध्ये झालं आणि संपलं असं नाही. ते या वर्षीही चालू आहे. हे सासूबाईंना याच शब्दांत सांगा. अब्रूच्या वादात पडू नका, बारा हजारांचा हिशोब त्यांना लगेच कळेल.

आता पोरांच्या हातातल्या कागदाकडे नीट बघा. कपाटातून निघालेल्या अशा याद्यांत नावासमोर आठ-अ चा खाते क्रमांक, आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक, मोबाइल नंबर असे रकाने असतात. तुमच्या यादीतही असतील तर ती जशीच्या तशी ग्रुपवर टाकणं किंवा फ्लेक्सवर छापणं हा कायद्याचा भंग आहे. आधार क्रमांक जाहीर करायला आधार कायद्यानेच मनाई केली आहे. कारवाईचं सोडा, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे आधार आणि खाते क्रमांक एकदा फिरायला लागले की "केवायसी करायची आहे" म्हणून फोन करणाऱ्या भामट्यांचं आयतं फावतं. पोरांना हे रागावून सांगू नका. त्यांचा हेतू चांगला आहे. गावात हिशोब मागणारी मुलं आहेत ही मोठी गोष्ट आहे, ती मुठीतून निसटू देऊ नका.

दुसरं, ती यादी पैसे मिळालेल्यांची नाही. ती माहिती भरलेल्यांची आहे. तिच्यातल्या काहींचे अर्ज पुढे नाकारले गेले असतील, काहींचे खाते क्रमांक चुकून पैसे परत गेले असतील. काही दिसायला बागायतदार असतील आणि तरी पूर्ण पात्र असतील. दोन हेक्टरची मर्यादा २०१९ च्या जूनमध्येच उठली, हे बहुतेकांना माहीत नसतं. मुलगा पुण्यात मोठ्या पगारावर आहे म्हणून बापाचं नाव अपात्र, असंही नाही. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. सज्ञान मुलाच्या आयकरामुळे बाप अपात्र होत नाही. अशा माणसाचं नाव चौकातल्या फ्लेक्सवर "चोर" म्हणून लागलं तर ते परत कसं घेणार? खरं कळेपर्यंत पाच-सहा घरांत बोलणं बंद झालेलं असेल.

मग काय वाचायचं? अधिकृत माहिती मागवा आणि ती वाचा. तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही लागत नाही. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून लांबण लावू नका. गावातल्या किती व कोणत्या लाभार्थ्यांना २०१९-२० आणि २०२०-२१ मध्ये किती हप्ते गेले, किती जण कोणत्या कारणाने अपात्र ठरले, वसुली किती झाली, कोणाचे अर्ज कोणत्या कारणाने प्रलंबित वा नामंजूर आहेत आणि दरवर्षी पाच टक्के लाभार्थ्यांची प्रत्यक्ष पडताळणी करायची असते, ती आपल्या गावात झाली का, झाली असल्यास अहवालाची प्रत, एवढंच विचारा. योजनेचं काम महसूल आणि कृषी या दोन खात्यांत इकडून तिकडे फिरलेलं आहे, त्यामुळे "आमच्याकडे नाही, कृषीकडे जा" असं ऐकायला मिळेल. हलू नका. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज पाच दिवसांत त्यांनीच तिकडे पाठवायचा, असं कलम ६(३) सांगतं. उत्तराला ३० दिवस. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील.

"ही वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही" असं उत्तर येण्याची शक्यता आता वाढली आहे. डेटा संरक्षणाच्या नव्या कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो लागू झाला. पूर्वी त्या कलमातच जनहिताचा अपवाद होता, तो तिथून गेला. मला हा बदल घातक वाटतो, सरळ सांगतो. सार्वजनिक पैसा कुणाला गेला हे झाकायला त्याचा वापर होणार, ही भीती देशभर माहिती अधिकारात काम करणाऱ्यांनी बोलून दाखवली आहे. तरी हात बांधलेले नाहीत. कलम ८(२) शिल्लक आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. आणि कलम ४(१)(ख) मधला बारावा मुद्दा जसाच्या तसा आहे. अनुदानाच्या कार्यक्रमांची अंमलबजावणी, वाटप केलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील प्रत्येक कार्यालयाने कुणी न मागता आपणहून जाहीर करायचा, असं तो म्हणतो. ही दोन कलमं अर्जातच लिहा आणि खाली एक ओळ टाका : "आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक व मोबाइल क्रमांक वगळून माहिती द्यावी." नकार द्यायला मग फारसं कारण उरत नाही. पीएम किसानच्या संकेतस्थळावर गावनिहाय लाभार्थ्यांची नावं सरकारच दाखवतं, हेही जोडा.

सभेत यादी वाचण्याची पद्धत आपल्या देशात नवी नाही. १९९४ च्या डिसेंबरात राजस्थानातल्या पाली जिल्ह्यात कोट किराना इथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांचे मस्टर (मजुरांचे हजेरीपट) आणि बिलं गावासमोर वाचली. ज्यांच्या नावावर मजुरी निघाली होती, ती माणसं समोरच बसलेली होती आणि आपल्याला ती मिळालीच नाही, असं सांगत होती. त्या सभांतून माहितीच्या हक्काची मागणी वाढली आणि २००५ चा कायदा आला. आपल्या महाराष्ट्राने तर त्याच्याही आधी स्वतःचा कायदा केला होता, अण्णा हजारेंच्या उपोषणांची त्यामागे ताकद होती. त्या जनसुनवायांमधली एक गोष्ट तुम्ही उचलावी असं मला वाटतं. तिथे कागद वाचला जाई आणि प्रश्न कार्यालयाला विचारला जाई. ज्याच्या हातात शिक्का आहे, त्याने उत्तर द्यायचं. तुमच्या गावात पोरांनी सगळा रोख लाभार्थ्यांवर ठेवला आहे. यादी ज्यांनी भरली, तपासली, मंजूर केली, त्यांच्याबद्दल एक शब्द नाही. सभेला तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), कृषी सहायक आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) यांना पत्र देऊन बोलवा. ते हजर असताना वाचा.

क्रम असा ठेवा. आधी महिला सभा घ्या. ग्रामसभेच्या आधी ती घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे, पण बहुतेक गावांत ती रजिस्टरवरच उरकली जाते. तिथे यादी उलटी वाचा. म्हणजे कुणाची नावं आहेत ते नंतर, आधी आपल्या आळीत कसणारं कोणतं घर यादीत नाही, हे बायकांना विचारा. त्यांना ते तोंडपाठ असतं. कुणाच्या घरी वाटणी झाली आणि फेरफार (सातबाऱ्यावर नाव बदलण्याची नोंद) राहिला, कुणाचा अंगठा उमटत नाही म्हणून ई-केवायसी अडकली, कुणाचं आधार बँकेला जोडलेलं नाही, कोण दुसऱ्याची जमीन बटईने कसतं. प्रत्येकाचं कारण वेगळं, तर उपायही वेगळा. अंगठ्याचा प्रश्न चेहरा दाखवून होणाऱ्या केवायसीने सुटतो. आधार जोडणी बँकेत होते. बटईदाराला मात्र ही योजना बसतच नाही, मालकी असल्याशिवाय नाव लागत नाही, आणि कोविडमध्ये सगळ्यात जास्त तोच भरडला गेला. त्याच्यासाठी ग्रामसभेचा ठराव करून वर पाठवा. ठरावाने लगेच पैसे येणार नाहीत हे त्याला स्पष्ट सांगा, पण तो कागदावर येऊ द्या.

मग ग्रामसभेत ही सुटलेल्यांची यादी सगळ्यात आधी मांडा, अधिकाऱ्यांचं प्रत्येकावरचं उत्तर इतिवृत्तात घ्या. त्यानंतर माहिती अधिकारात आलेली अधिकृत माहिती वाचा. अपात्र ठरलेल्यांचं म्हणाल तर किती जण, कोणत्या कारणाने, किती रक्कम, किती वसूल, एवढं वाचून भागतं. नावं ग्रामपंचायतीच्या फलकावर अधिकृत यादीत लागू द्या. ज्याला बघायची तो बघेल, ज्याला हरकत आहे तो हरकत घेईल. लपवायचं काही नाही, पण माइकवरून पुकारायचंही नाही. पोरांना हे मिळमिळीत वाटेल. त्यांना काम द्या. अर्ज लिहायचा, सुटलेल्या घरांची माहिती भरायची, पोर्टलवर प्रत्येकाची स्थिती बघायची. "लँड सीडिंग : नो" (जमिनीची नोंद योजनेला जोडलेली नाही) असं दिसलं तर तो कागद घेऊन कुठे जायचं, हे त्या घराला सांगायचं. चौकातल्या फ्लेक्सपेक्षा हे काम किती जड आहे ते त्यांना दोन दिवसांत कळेल, आणि त्यातूनच पुढचे चांगले सदस्य तयार होतात.

दिरांचं काय? त्यांच्याशी सभेच्या आधी बोला, तुम्ही आणि तुमचे यजमान दोघं मिळून. "तुमचं नाव वाचणार आहे" अशी सुरुवात करू नका. सहा हप्त्यांचे १२,००० रुपये झाले आहेत, नोटीस येऊन पडली आहे, ते भरून टाका, एवढं म्हणा. पीएम किसानच्या संकेतस्थळावर रक्कम ऑनलाइन परत करता येते, नाहीतर तहसीलमध्ये भरून पावती घ्यावी. नोकरीतल्या माणसाने वसुलीची नोटीस दाबून ठेवणं त्यांच्याच सेवेच्या दृष्टीने बरं नाही, हे त्यांना तुमच्याहून जास्त कळतं. पैसे भरलेला माणूस सभेत मान वर करून बसू शकतो. "चूक झाली होती, भरली, ही पावती" असं ते स्वतः उभं राहून म्हणाले तर गावातले आणखी चार जण भरतील, शिक्षकाच्या शब्दाला गावात अजून वजन आहे. नाही म्हणाले, तर मात्र तुम्ही त्यांच्यासाठी यादी थांबवू नका. सदस्य म्हणून तुमच्यावर गावाने टाकलेला भार तुमच्या घरच्या नात्याहून वेगळा आहे. तो विषय निघेल तेव्हा तुम्हीच सांगा की यात माझ्या घरातलं नाव आहे, त्याबद्दल मी बोलणार नाही, अधिकारी सांगतील. एवढं म्हटलंत की बोट दाखवणाऱ्याला फारसं काही उरत नाही.

सगळ्यात शेवटी शेजारच्या बाई. त्यांच्यासाठी ग्रामसभेची वाट बघू नका, या आठवड्यातच त्यांच्यासोबत तलाठी कार्यालयात जा. वारस नोंदीचा अर्ज करा. ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही होतो. सासऱ्यांचा आणि नवऱ्याचा मृत्यू दाखला, वारसांची माहिती, आधार, रेशन कार्ड बरोबर घ्या. अर्ज दिल्याची पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका. सासऱ्यांच्या सगळ्या वारसांची नावं लागतील. बाई आणि त्यांची मुलं नवऱ्याच्या हिश्श्याने येतील, कारण आधी किंवा नंतर वारलेल्या मुलाची विधवा आणि मुलं हिंदू वारसा कायद्याने हक्काची वारस आहेत. नेमकी इथेच भावबंदांची कुरकुर होते, "तुला जमीन कसायला दिलीय ना, नाव कशाला" असं म्हणतात. त्या वेळी बाईंच्या शेजारी कुणीतरी उभं असावं लागतं. तुम्ही उभ्या राहा.

अर्जानंतर हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर प्रकरण लांबतं, म्हणून भाऊबंदांना आधीच भेटून ठेवा. सातबाऱ्यावर नाव आलं की पीएम किसानला नवी नोंदणी करता येते. जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी नावावर हवी ही अट वारसाहक्काने आलेल्या जमिनीला आडवी येत नाही, मालकाच्या मृत्यूमुळे झालेला बदल त्यात चालतो. फेरफाराची प्रत जोडायला विसरू नका, ती नसेल तर अर्ज तिथेच अडतो. मागचे सगळे हप्ते मिळतील अशी आशा मात्र त्यांना दाखवू नका. पुढचे सुरू झाले तरी बरंच झालं.

आणखी दोन गोष्टी त्यांना विचारा. नवरा कोविडने गेला, तर ५०,००० रुपयांच्या सानुग्रह मदतीचा अर्ज त्यांनी तेव्हा केला होता का? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती मान्य केली होती आणि जुन्या मृत्यूंसाठी अर्जाची मुदत २०२२ मध्ये संपली. अर्ज केला असेल आणि रक्कम आली नसेल, तर पोचपावती घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात पाठपुरावा करा. दुसरं, कोविडमध्ये विधवा झालेल्या बायकांसाठी राज्याने २०२१ मध्ये मिशन वात्सल्य सुरू केलं, तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुक्याच्या समित्या नेमल्या. वारस नोंदी लावून देणं हेही त्यांच्याकडून अपेक्षित काम होतं. बाईंचं नाव त्या नोंदीत आहे का, ते अंगणवाडी सेविकेला किंवा तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारा. असेल तर तलाठ्याकडच्या अर्जात तसा उल्लेख करा आणि त्याची एक प्रत तहसीलदारांच्या नावे द्या. नसेल, तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज त्याच फेरीत तहसीलमध्ये देऊन या. उत्पन्नाचा दाखला त्यासाठी लागतो, तो आधी काढून ठेवा.